वांग वाढतोय की क्रीमच काळं करतंय?

२०२३ मध्ये अकोल्यातून एक बातमी आली. एकाच घरातल्या तीन बायकांना मूत्रपिंडाचा आजार झाला होता, आणि कारण शोधता शोधता तपास येऊन थांबला तो चेहरा उजळवायच्या क्रीमवर. क्रीममध्ये पारा होता.

पारा भयंकर आहेच, त्याच्याकडे पुढं येऊ. पण गोरेपणाच्या क्रीमचं जास्त नेहमीचं दुखणं चेहऱ्यावरच दिसतं आणि त्याची बातमी होत नाही. गालावर वांगाचे डाग येतात, म्हणून क्रीम सुरू होतं. महिनाभर चेहरा उजळतो. मग डाग आधीपेक्षा गडद दिसायला लागतात. बाईला वाटतं वांग वाढला, म्हणून ती तेच क्रीम सकाळ-संध्याकाळ लावते. पण आता वाढत असतो तो वांग नसतोच पुष्कळदा. क्रीमनं आणलेला तो वेगळा आजार असतो, आणि क्रीम जितकं जास्त तितका तो खोल जातो. हा फरक वेळेत ओळखला तर चेहरा वाचतो.

रंग येतो कुठून

आपल्या कातडीचे दोन मुख्य थर. वरचा पातळ, खालचा जाड. वरच्या थराच्या अगदी तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्यांना रंगपेशी म्हणू. त्या मेलॅनिन नावाचा रंग बनवतात आणि बारीक पुड्या बांधून शेजारच्या पेशींना वाटतात. एक रंगपेशी सुमारे ३६ शेजारणींना रंग पुरवते. गोऱ्या आणि सावळ्या माणसात रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो पुड्यांच्या आकारात आणि त्या किती काळ टिकतात यात.

हा रंग शेजारच्या पेशीत गेल्यावर तिच्या केंद्रावर टोपीसारखा बसतो. मे महिन्यात रानात जाणारा माणूस डोक्याला उपरणं गुंडाळतो ना, तेच काम. उन्हातल्या अतिनील किरणांपासून पेशीचं बियाणं वाचवायचं. ४२-४३ अंशांच्या उन्हात कापूस वेचणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या माणसाची कातडी काळवंडते ती आजारानं नव्हे. ती आपलं रक्षण करत असते.

आता थरांचा फरक नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शेणानं सारवलेल्या जमिनीवर तेल सांडलं तर पुढच्या एक-दोन सारवणीत डाग जातो. तेच तेल मातीच्या भिंतीत मुरलं तर वरून कितीही पोचारा मारा, डाग परत वर दिसतो. कातडीचा वरचा थर सारवणासारखा आहे. तो साधारण महिना-दीड महिन्यात पूर्ण बदलतो. खालचा थर भिंतीसारखा. तिथं मुरलेला रंग वर्षानुवर्षं राहतो.

क्रीममध्ये असतं काय

उजळवायच्या क्रीममध्ये त्रास देणारी नावं मोजकीच आहेत. हायड्रोक्विनोन, स्टिरॉइड, पारा आणि मोनोबेन्झोन. पहिली दोन औषधं आहेत, डॉक्टर ती मोजून-मापून वापरतात. पाऱ्याला सौंदर्यप्रसाधनात जागाच नाही. मोनोबेन्झोन फक्त एका खास आजारासाठी आहे.

रंग बनवायला रंगपेशी टायरोसिन नावाचा कच्चा माल वापरते. हायड्रोक्विनोनची घडण या कच्च्या मालासारखी असते. पेशी फसते, तिच्यातलं रंग बनवायचं यंत्र त्याच्यावरच चालतं आणि रंग कमी निघतो. बोगस बियाणं पेरल्यावर शेतकऱ्याचं जे होतं तेच. रान गुंततं, पीक येत नाही. थोडे आठवडे हे चालतं, म्हणून ते औषध आहे. फार दिवस चाललं तर दोन गोष्टी बिघडू शकतात. काही वेळा यंत्रच जळतं, म्हणजे रंगपेशी मरते आणि पांढरा ठिपका उरतो. आणि काही वेळा रंगाचा चोथा खालच्या थरात साचतो.

निळसर काळा डाग, जो वांग नसतो

या साचलेल्या चोथ्याच्या आजाराला ऑक्रोनोसिस म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली खालच्या थरात पिवळसर मातीच्या रंगाचे, केळीच्या आकाराचे तुकडे दिसतात. नाव त्या मातकट रंगावरून पडलं. पण एवढ्या खोलवरचा रंग बाहेरून पिवळा दिसत नाही, निळसर काळा दिसतो. हातावरची शीर निळी दिसते, रक्त लाल असूनही, तसंच.

क्रीममुळे होणारा हा आजार १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नोंदवला. तिथं काळ्या वर्णाच्या बायका कडक हायड्रोक्विनोनची क्रीम वर्षानुवर्षं वापरत होत्या. आधी सरकारनं प्रमाण २ टक्क्यांवर आणलं, पण तेवढ्यानंही आजार थांबला नाही, आणि शेवटी सौंदर्यप्रसाधनात त्यावर बंदी आली. युरोपनं २००१ मध्ये तेच केलं. अमेरिकेत २०२० पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही. ‘२ टक्के म्हणजे काही होत नाही’ असं कुणी सांगत असेल तर दक्षिण आफ्रिकेचा हा अनुभव त्याला सांगावा.

घरच्या घरी शंका कशी घ्यायची? वांग तपकिरी असतो, सपाट असतो, बहुधा दोन्ही गालांवर सारखा पसरतो, वरच्या ओठावर आणि कपाळावरही येतो. उन्हाळ्यात वाढतो, पावसाळ्यात-थंडीत थोडा फिका पडतो. ऑक्रोनोसिसचा डाग राखाडी-निळसर किंवा काळा असतो, गालाच्या हाडावर, कानशिलांवर, जिथं क्रीम चोळलं तिथंच. ठिपक्याठिपक्यांचा असतो आणि जुना झाला की बोटाला खसखशीसारखे बारीक दाणे लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे क्रीम वाढवलं की तो वाढतो.

पक्कं निदान मात्र डॉक्टरच करतात. डर्मोस्कोप नावाचं उजेडाचं भिंग चेहऱ्यावर टेकवलं की वांग आणि ऑक्रोनोसिस यांची नक्षी वेगळी दिसते. तरी शंका राहिली तर तीन-चार मिलिमीटरचा कातडीचा तुकडा काढून तपासतात. जागा बधिर करतात, एखादा टाका पडतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. उलट या तपासणीवाचून आणखी सहा महिने तेच क्रीम लावत राहणं जास्त घातक.

उपचार होतात, पण संथ. हायड्रोक्विनोन पूर्ण बंद, उन्हापासून कडक बचाव, काही जणींना लेझर. लेझरनं सगळ्यांनाच फरक पडत नाही, आणि पडला तरी डाग पूर्ण जाईल असं वचन कुणी देऊ नये. जो देतो त्याच्यापासून सावध राहा.

एक छोटी पण कामाची गोष्ट. हायड्रोक्विनोन उष्णतेनं आणि हवेनं स्वतःच तपकिरी होतं. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात ठेवलेली ट्यूब दाबली आणि तपकिरी क्रीम निघालं, तर ती फेकून द्या.

‘पण लावल्यावर आठ दिवसांत गोरं दिसलंच की!’

दिसतं. आणि इतक्या लवकर दिसलं म्हणूनच शंका घ्यायची. वरचा थर बदलायलाच महिना लागतो, मग आठ दिवसांत रंग कुठून कमी होईल? इतकी घाई बहुधा स्टिरॉइड करतं.

स्टिरॉइड कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. लाली जाते, सूज-पुरळ दबतात, चेहरा फिका आणि गुळगुळीत होतो. दंडातलं पाणी मातीनं अडवावं तसं हे आहे. पुढचा वाफा कोरडा दिसतो, पण मागं पाणी तुंबत असतं. क्रीम बंद केलं की बांध फुटतो. दोन-चार दिवसांपासून दोन आठवड्यांच्या आत चेहरा लालबुंद होतो, जळजळतो, पुरळ उठतात, उन्हात जाववत नाही. बाई घाबरून पुन्हा क्रीम लावते आणि तासाभरात बरं वाटतं. म्हणजे आता क्रीम सोडवत नाही. डॉक्टर याला स्टिरॉइडनं बिघडलेला चेहरा म्हणतात.

महिन्यांमागून महिने असं चाललं की कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते. आतल्या लाल शिरा दिसतात, गालावर-हनुवटीवर केस येतात, मुरूम येतात. लाली ओसरताना जागोजाग काळे डाग उरतात. म्हणजे काळेपणा घालवायला लावलेल्या क्रीमनं आधी लाल आणि मग काळं केलं.

हे किती पसरलंय याचा अंदाज एका भारतीय अभ्यासातून येतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात देशातल्या १२ केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. जवळजवळ सात जणांत एक. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं लावायची १४ स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कायदा झाला, पण मेडिकलच्या काउंटरवर ‘ताई, ही लावा, सगळ्या हीच नेतात’ हे थांबलेलं नाही.

ट्यूबवरची नावं ओळखायची असतील तर शेवटचा भाग बघा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन. बहुतेकांच्या शेवटी ‘-सोन’ किंवा ‘-लोन’ येतं. क्लोबेटासॉल तेवढं वेगळं, आणि तेच सगळ्यात जहाल आहे. ते कधीच चेहऱ्याचं क्रीम नव्हतं. अक्षरं बारीक असतात, शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या.

पांढरे ठिपके

रंगपेशी मेली की जागा पांढरी पडते. लग्नात उधळलेल्या कागदाच्या टिकल्यांसारखे छोटे-छोटे पांढरे ठिपके चेहऱ्यावर दिसतात. याची सगळ्यात मोठी घटना जपानमध्ये घडली. कानेबो कंपनीच्या उजळवणाऱ्या क्रीममध्ये रोडोडेनॉल नावाचं द्रव्य होतं. सरकारची मंजुरी होती, दुकानातून राजरोस विक्री होती. जुलै २०१३ मध्ये कंपनीनं माल परत मागवला तोवर पांढऱ्या डागांच्या तक्रारी सुरू झाल्या होत्या, आणि पुढं हा आकडा १९ हजारांवर गेला. रोडोडेनॉलसुद्धा त्या कच्च्या मालासारखंच दिसणारं बोगस बियाणं.

मोनोबेन्झोन तर रंगपेशी कायमची मारण्यासाठीच आहे. अंगावर कोड इतकं पसरलेलं असतं की थोडीच सावळी जागा उरते, अशा रुग्णाचा उरलेला रंग काढायला ते वापरतात. वांगासाठी ते कुणी दिलं तर अजिबात लावू नका. ज्या जागी क्रीम लागलं नाही तिथंही पांढरे डाग उमटू शकतात.

यातली एक ओळखीची बहीण आपल्या कपाळावरच असते. टिकलीच्या डिंकात एक असंच द्रव्य असतं, आणि काही बायकांच्या कपाळावर बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग पडतो. लक्षात आल्याबरोबर चिकटवायची टिकली बंद केली तर पुष्कळदा रंग परत येतो. वर्षभर दुर्लक्ष केलं तर अवघड होतं.

आता पारा

रंगपेशीच्या यंत्रात तांब्याचे कण असतात. पारा त्यांची जागा घेतो आणि यंत्र बंद पाडतो. चेहरा उजळतो. पण पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. लघवीला टिकून राहणारा फेस येणं, सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पायाला सूज, ही त्याची खूण. वर्षानुवर्षं वापरलं तर कातडीतही साठतो आणि पापण्यांवर, मानेच्या वळ्यांत पाटीसारखा राखाडी रंग येतो.

नियम सांगतो की डोळ्यांची प्रसाधनं सोडून बाकी सौंदर्यप्रसाधनात पाऱ्याचा नकळत आलेला अंश दहा लाखात १ भागापेक्षा जास्त नको. १० क्विंटल ज्वारीत १ ग्रॅम, असं धरा. चोरून विकल्या जाणाऱ्या क्रीममध्ये हे प्रमाण हजारोंच्या घरात सापडलेलं आहे. १० हजार भाग म्हणजे त्याच १० क्विंटलात १० किलो.

क्रीम न लावणाऱ्यांनाही ते बाधतं. टॉवेल, उशीचा अभ्रा, आईच्या गालाला गाल लावून झोपणारं लेकरू, सगळीकडून पारा जातो. म्हणून डबीवर कंपनीचा पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी यातलं काही नसेल, किंवा पार्लरमध्ये साध्या डबीत भरून ‘फॉर्म्युला क्रीम’ म्हणून मिळत असेल, तर ती घरात ठेवूच नका. यादीत ‘कॅलोमेल’ किंवा ‘मर्क्युरी’ दिसलं तरी तेच. अशी डबी चुलीत टाकू नका, वाफ होऊन पारा श्वासातून आत जातो. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधून ती डॉक्टरांना दाखवा. लघवीतल्या प्रथिनांची साधी पट्टीची तपासणी ग्रामीण रुग्णालयातही होते. पाऱ्याची तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत लघवीवरूनच होते. घरातल्या सगळ्यांची करून घ्या.

‘आयुर्वेदिक लिहिलंय’, ‘झाडपाल्याचं आहे’ ही हरकत इथंच येते. लेबलवर पान छापल्यानं आत काय आहे ते बदलत नाही. आठ दिवसांत उजळवणारं कोणतंही झाडपाल्याचं क्रीम माझ्या मते संशयितच आहे. घरगुती लिंबूसुद्धा निरुपद्रवी नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजते आणि तपकिरी ओघळ उमटतात, ते महिनोन्महिने राहतात.

‘पण डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं’

दिलं असेल, आणि बरोबरच दिलं असेल. वांगासाठी तीन औषधांचं मिश्रण १९७५ पासून वापरात आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन (कातडीचा वरचा थर लवकर बदलायला लावणारं औषध) आणि स्टिरॉइड एकाच ट्यूबमध्ये. गुण येतो. चूक होते ती मुदतीत. ही ट्यूब साधारण आठ आठवड्यांसाठी असते आणि मग डॉक्टरांना चेहरा दाखवायचा असतो. आपण चिठ्ठी जपून ठेवतो, चेहरा दाखवत नाही, मेडिकलमधून तीच ट्यूब दोन वर्षं आणतो. वर जावेला देतो, नणंदेला देतो, लग्न ठरलेल्या पुतण्यालाही देतो.

मुदत मोजायची सोपी रीत आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. रोज रात्री तेवढं लावलं तर आठ आठवड्यांत २८ ग्रॅम लागतं. २० ग्रॅमच्या दोन ट्यूबही पूर्ण संपत नाहीत. तेव्हा दुसरी ट्यूब अर्धी होत आली की डॉक्टरांकडे जायची वेळ झाली, आणि तिसरी विकत घेत असाल तर मुदत उलटून गेली. गरोदर बाईनं, किंवा दिवस राहायची शक्यता असलेल्या बाईनं ही ट्यूब लावूच नये.

‘बंद केलं की आणखीच होतं, मग सोडायचं कसं?’

इथं औषधागणिक उत्तर बदलतं. पारा, मोनोबेन्झोन, हायड्रोक्विनोन आजच बंद. त्यांना टप्प्याटप्प्यानं सोडायची गरज नसते. स्टिरॉइड महिन्यांपासून चालू असेल तर एकदम तोडू नका, त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला गाठा. ते सौम्य स्टिरॉइडवर आणून, दिवसाआड करून, किंवा स्टिरॉइड नसलेलं टॅक्रोलिमससारखं मलम देऊन सोडवतात. एकच मिश्रणाची ट्यूब असेल तर काय करायचं ते तेच ठरवतील.

मधल्या काळात चेहरा साध्या पाण्यानं धुवा, वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर लावा. ब्लीच, फेशियल, स्क्रब, वाफ सगळं थांबवा. लाली ओसरायला आठवडे लागतात, कधी काही महिने. पहिले पंधरा दिवस फार वाईट जातात, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. त्या दिवसांत ‘लावून टाक की’ म्हणणारं माणूस जवळ असलं की सगळं मुसळ केरात जातं.

छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, इथं त्वचारोग विभाग आहेत. जाताना जुन्या-नव्या सगळ्या ट्यूब, डब्या, खोकी आणि चिठ्ठ्या पिशवीत घालून न्या. मेंदी, केसांचा रंग, कुंकू, गर्भनिरोधक गोळ्या याबद्दलही सांगा. लाजून क्रीमचं नाव लपवलं तर डॉक्टरला वांगच दिसेल आणि कदाचित पुन्हा तसलीच ट्यूब लिहिली जाईल.

मग मूळ वांगाचं काय करायचं

वांग हळूहळू आटोक्यात ठेवता येतो. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि चुली-तव्याची धग यांनी तो बळावतो. त्यामुळं उन्हाचा बचाव हेच पहिलं औषध. एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं, आणि बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. चिमूटभर लावून ‘गुण येत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. वांगावर दिसणाऱ्या उजेडाचाही परिणाम होतो, म्हणून कातडीच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन जास्त कामाचं. दिवसभर रानात असणाऱ्या बाईला हा खर्च झेपणार नाही, घामात ते टिकणारही नाही. तिच्यासाठी घट्ट विणीचा सुती रुमाल गालांवर ओढून घेणं आणि रुंद काठाची टोपी हाच उपाय, आणि तो पुरेसा चांगला आहे.

लावायला अझेलाइक ॲसिड २० टक्के हे औषध डॉक्टर पुष्कळदा देतात. त्यानं ऑक्रोनोसिस होत नाही आणि गरोदरपणातही डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालतं. सुरुवातीला चुणचुणतं. रोज दोनदा लावून फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. एवढे दिवस आरशात रोज बघितलं तर काहीच बदलत नाही असं वाटतं, म्हणून महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी, त्याच खिडकीपाशी, मोबाइलचं ब्युटी मोड बंद करून एक फोटो काढा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना ते फोटो ओळीनं दाखवा.